पडद्यावरची भाऊबंदकी

मलकापुरात आमच्या पेढीवर पहिला एसी बसला तो माणसांसाठी नव्हता, मशीनसाठी होता. मे महिन्यात बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं आणि आत मी स्वेटर घालून बसायचे. मोतिया रंगाचा, स्वतः विणलेला. थंडी वाजायची म्हणून नव्हे. वाजते आहे हे लोकांना दिसावं म्हणून. त्या वेळचा एक फोटो आहे. माझी नात तो बघून विचारते, "आजी, तेव्हा तू आजारी होतीस का?" होते गं बाई. बाजारपेठेत सगळ्यांच्या आधी कॉम्प्युटर हाती आल्याचा तो आजार होता, आणि त्याच्यावर औषध नव्हतं.

मी रहीमशेठच्या कापसाच्या अडतीवर हिशेबनीस होते. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अडत्या म्हणजे शेतकरी आणि गिरणी यांच्या मधला माणूस. गाडी आली की माल बघायचा, भाव ठरवायचा, वजन करायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. रहीमशेठ कापसाची चिमूट दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हलकेच ओढायचे, धागा किती लांब निघतो ते बघायचे आणि भाव सांगायचे. मोठा सौदा असला तर रुमालाखाली हात धरून बोटांनी ठरायचा. भोवतीचे लोक नुसते त्या रुमालाकडे बघत राहायचे. आत काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. अशा रुमालवाल्या माणसाला मी पडद्यासमोर बसवायला निघाले होते.

कापसाचे वायदे आता कॉम्प्युटरवर होतात, अशा बातम्या पेपरात यायला लागल्या होत्या. मी अकोल्याला एका शिबिराला जाऊन आले. सकाळच्या गाडीनं गेले, संध्याकाळच्या गाडीनं आले, आणि येताना पुण्याची भाषा घेऊन आले.

"शेठजी, आपण आता जोखमीचं व्यवस्थापन करायला हवं."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. "बेटा, तब्येत बरी हाय नं?"

मग मी त्यांना फळ्यावर खडूनं शिकवलं. ज्या माणसानं बोटांच्या पेरांवर अर्धा जिल्हा तोलला होता त्याला! समजा, गोदामात कापूस आहे. दोन महिन्यांनी भाव पडला तर मेलो. म्हणून आजच पडद्यावर दोन महिन्यांनंतरचा तेवढाच कापूस आजच्या भावानं विकून ठेवायचा. भाव पडला तर गोदामात जे गेलं ते पडद्यावर मिळतं. भाव चढला तर पडद्यावर जे गेलं ते गोदामात मिळतं. फार कमवायचं नाही, पण झोप लागते.

"म्हंजे भाव पडला तरी आपन पडत नाई," शेठ म्हणाले. "पन बेटा, हा सट्टा होते का?"

"माल नसताना केला तर सट्टा. माल असताना केला तर विमा." हे वाक्य शिबिरातल्या सरांचं होतं. मी ते माझंच असल्यासारखं टाकलं आणि खडूचे हात झटकले.

शेठ बरेच दिवस विचारात होते. एका शुक्रवारी नमाजहून आले ते नियम ठरवूनच. "ज्याच्या गोदामात माल हाय, त्यानं तेवढाच इकाचा. ज्यानं गिरनीले माल द्याची जबान देल्ली, त्यानं तेवढाच घ्याचा. याच्या बाहीर गेला त हराम हाय, तुह्या मशीनसकट."

आणि त्यांनी ट्रक विकला. पेढीचा एकुलता एक ट्रक. मागच्या फळीवर त्यांच्या मरहूम बायकोचं नाव रंगवलेलं होतं. छपरावरची डिश, दोन कॉम्प्युटर, बॅटऱ्या, भारनियमनात चालवायचा जनरेटर आणि तो एसी, सगळं त्या ट्रकमधून निघालं. नवा मालक ट्रक घेऊन गेला तेव्हा शेठ वळणापर्यंत बघत उभे होते. मी कुठं होते? मी आत कॉम्प्युटरच्या कव्हरला लेस लावत होते.

पहिल्याच हंगामात एका दुपारी पडद्यावरचा भाव हलायचा थांबला. एसीत बसायला म्हणून अमडापूर, धामणगाव बढे, कुठून कुठून लोक यायचे आणि भिंतीशी लांब बाकावर बसायचे. त्यांतल्या एकानं विचारलं, "ताई, भाव काऊन थांबला?"

मी खुर्ची फिरवली. चष्मा सारखा केला. त्या चष्म्याला नंबर नव्हता. "बाजार स्थिरावला आहे," मी म्हणाले. "घेणारे आणि विकणारे यांच्यात समतोल साधला गेला आहे."

सगळ्यांनी माना डोलवल्या. शेठनी सुद्धा. मी त्या समतोलावर बराच वेळ बोलले. मग विडी ओढायला बाहेर गेलेला एक म्हातारा आत आला आणि दारातूनच म्हणाला, "ताई, तुहा समतोल डिशवर बसून शेंगा खाऊन राह्यला."

वांदर होतं. चांगलं थोरलं, काळ्या तोंडाचं. त्याला हुसकावून डिश सरळ करेपर्यंत भाव कुठल्या कुठं गेला होता. तेव्हापासून वांदर दिसलं की बाजारातली मंडळी मला "ताई, समतोल आला" म्हणून सांगायची. भाव हलत नाही म्हणजे शांत आहे असं नव्हे, हा धंद्यातला धडा मला असा मिळाला. पण स्वेटर मी तरीही उतरवला नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या मशीनमध्ये सगळ्यात महाग काय होतं, तर जोखीम सांभाळणारा एक प्रोग्राम. तो बसवायला पुण्याहून इंजिनिअर आला होता. त्यात प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढं एक रकाना होता: लिमिट. ह्या माणसाचं नुकसान कुठवर वाढू द्यायचं तो आकडा. नुकसान जवळ आलं की ओळ पिवळी व्हायची, टेकलं की लाल, आणि लाल झाली की मशीन आपोआप त्याचा सौदा कापणार. सौदा कापणं म्हणजे घेतलेलं विकून टाकायचं, विकलेलं परत घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. सौदा ग्राहकाचा असला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला पैसे पेढीनं भरायचे असतात. ग्राहकाकडून नंतर येवोत न येवोत. म्हणून ही कात्री.

"मानसाले न इचारता कापते?" शेठनी विचारलं.

"तोच तर फायदा आहे सर," इंजिनिअर म्हणाला.

शेठनी त्याला आणखी एक चहा पाजला.

त्या रकान्यात आकडे भरायचं काम माझं. मी प्रत्येकाची ठेव बघून, हिशेब करून भरले. एकदम शास्त्रशुद्ध. आणि "ग्राहकाची माहिती गोपनीय असते" असा कागद छापून भिंतीला लावला. कागद ज्या भिंतीला लावला तिच्या समोरच बाक, आणि बाकासमोर पडदा. सगळ्यांची नावं, सगळ्यांचे आकडे, सगळ्या बाकाला तोंडपाठ.

धामणगाव बढ्याचे दोन चुलतभाऊ आमचे ग्राहक होते. वामनराव आणि दिगंबरराव. दोघंही शेती करायचे आणि गावातला कापूस घेऊन गोदामात भरायचे. वावरं एकमेकांना लागून. धुऱ्यावरची, म्हणजे मधल्या बांधावरची, एक बाभूळ कोणी तोडली यावरून त्यांचं बोलणं बंद झालं होतं, ते इतकं जुनं की बाभळीच्या जागी दुसरी बाभूळ मोठी झाली होती. पेढीवर आले तर बाकाच्या दोन टोकांना बसायचे.

एक दिवस वामनराव माझ्या टेबलाशी आले. "काऊन ताई, दिगंबरचं लिमिट माह्याहून जास्त कसं? त्याचं वावर काय सोन्याचं हाय?"

"त्यांची ठेव जास्त आहे, वामनराव."

"ठेव जास्त, का पत जास्त? हे मले सांगा. अख्खा बाक पाहून राह्यला."

मी शेठकडे बघितलं. शेठ हळूच म्हणाले, "वाढव बेटा. इज्जतचा सवाल हाय."

वाढवलं. दुसऱ्या दिवशी दिगंबरराव आले, पडद्याकडे बघून घसा खाकरला आणि काही न बोलता उठून चालू लागले. शेठनी त्यांना दारातून परत आणलं. त्यांचंही वाढवलं. मग अमडापूरकर म्हणाले, धामणगाववाले काय वरून पडले का? लग्नातल्या आहेरासारखे आकडे फुगत गेले. ज्याच्या घरी मुलगी दिली त्याचं इतर सोयऱ्यांहून कमी नको, थोरल्याचं धाकट्याहून कमी नको. पुण्याच्या इंजिनिअरचा फोन आला. "मॅडम, हे लिमिट आहे की लिलाव?"

"इथली परिस्थिती वेगळी आहे," मी त्याला बाणेदारपणे सांगितलं. ट्रक विकून आणलेली ती कात्री आम्ही मानपानात गुंडाळून कपाटात ठेवली होती, आणि मी तिची लेस नीट करत होते.

त्या हंगामात दिगंबररावांनी गोदामातल्या मालावर पडद्यावर दहा सौदे केले. विकण्याचे. शेठच्या नियमाप्रमाणे. वामनराव आले, बाकाच्या टोकावरून पडदा बघितला आणि म्हणाले, "त्यानं दहा केले? मंग माहेबी दहा कर. घ्याचे."

त्यांना वाटलं होतं, भाव चढणार असं दिगंबरला वाटतंय, म्हणून त्यानं घेतले. पडद्यावर आकडा दिसायचा; घेतले की विकले ते दिसण्यासाठी आतलं पान उघडावं लागायचं.

"वामनराव, थोडं थांबा, म्हणजे त्यांचे…" मी सुरुवात केली आणि भिंतीवरचा माझाच कागद मला दिसला. गोपनीय. मी तोंड मिटलं. अशी तत्त्वनिष्ठ होते मी.

"गिरनीले माल द्याची जबान देल्ली का?" शेठनी विचारलं.

"हो. देल्ली."

नव्हती दिली. पण शेठनी शब्दाला पुरावा कधी मागितला नव्हता.

मग ती सकाळ. परदेशी जाणाऱ्या कापसाबद्दल दिल्लीहून काहीतरी फर्मान निघाल्याची बातमी आली आणि पडदा उघडला तोच खाली. भाव उतरत होता म्हणणं बरोबर नाही. जिन्यावरून घागर सुटावी तसा येत होता. वामनरावांची ओळ बघितली. पांढरीशुभ्र. लिमिटच एवढं थोर की लाल सोडा, पिवळी व्हायलाही अजून पुष्कळ पडायला हवं होतं. गोदामात त्यांचा कापूस होता तो पडत होता, आणि पडद्यावरचाही पडत होता. विम्याच्या ऐवजी त्यांनी तीच आग दोनदा विकत घेतली होती. असंच चाललं तर विहिरीचं वावर विकल्याशिवाय ते उभे राहू शकत नव्हते. आणि ते वावर घेणारा एकच, ज्याचा धुरा त्याला लागून होता.

वामनराव कुठं? लग्नाला बुलडाण्याला निघालेले. मोबाइल नवे होते आणि राजूर घाटात रेंज नसायची. मी लावत राहिले, फोनमधली बाई तेच ते सांगत राहिली.

"शेठजी, मी कापते," मी म्हणाले. माझा आवाज पुण्याहून केव्हाच मलकापूरला परत आला होता. "पेढी बुडन."

"त्याले इचारल्याबिगर नाई."

"शेठजी, मशीननं कापलंच असतं!"

"मशीनले तू लाल होऊ देल्लं नाई, अन् मीबी नाई. आता कापनारा मानूस हाय. मानसाले इचारा लागते." मग त्यांनी पेढीभर नजर फिरवली. "घरचं कोनी हाय का त्याच्या?"

आमच्या अडतीवर जुनी रीत होती. गाडीवाला हजर नसला आणि भाव घसरायला लागला, तर त्याच्या घरचं जे कोणी बाजारात असेल त्यानं मान हलवायची. भाऊ, मेहुणा, पुतण्या. मान हलली की माल विकला. मागाहून तक्रार नाही.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला दिगंबरराव बसले होते. हातात कपबशी.

कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही. म्हणजे सगळ्यांनी न बघण्याचं नाटक केलं. त्यांनी काही करायचीही गरज नव्हती. नुसतं बसून राहायचं होतं. चहा संपेपर्यंत बसले असते तरी विहिरीचं वावर निम्मं त्यांच्याकडे सरकलं असतं. भाव आणखी उतरला. जनरेटरचा आवाज येत होता. शेठ त्यांच्याकडे वळले आणि फक्त एवढंच बोलले, "दिगंबरराव, मी तुमाले काई म्हनत नाई."

दिगंबररावांनी बशी बाकावर ठेवली. "त्यानं काऊन घेतले दहा?" त्यांनी मला विचारलं.

गोपनीयता गेली खड्ड्यात. "तुमचे दहा पाहून," मी सांगितलं.

"मी त इकले होते."

"हो."

ते पडद्याकडे वळले. मग रागानंच बोलले, पण तो राग आमच्यावर नव्हता. "लहानपनापासून असाच हाय तो. मी आंब्यावर चढलो का हा चढे. उतरता येये नाई. वर बसून बोंबले. माह्या पाठीवर पाय देऊन उतरे, अन् घरी सांगे का मीच चढवलं." ते उठले. "काप ताई. मी हो म्हनतो."

"पूर्ण?"

"पूर्ण. अर्ध्या फांदीवर ठेवतं का कोनी?"

विकायचं बटण कोणतं हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण शेठनी माझ्याकडून आधी मोठ्यानं वदवून घेतलं, "इकतो, दहा, वामनराव," आणि मगच दाबू दिलं. दहाच्या दहा गेले. फटका बसला होताच, पण वावराला हात न लावता भरून निघेल एवढा. पेढीही सकाळी उभी राहिली.

वामनराव दुसऱ्या दिवशी आले ते लग्नातल्या फेट्यासकट. आणि भाव त्याच दिवशी थोडा वर चढला होता. झालं! "माहा सौदा कोनं कापला? मी घाटात होतो, मेलो नव्हतो!" शेठनी सांगितलं कोणी मान हलवली ते. वामनराव इतके लाल झाले की मशीनला जमलं नाही ते त्यांनी स्वतः करून दाखवलं. "त्यो कोन लागते माहा?" असं ओरडत ते पायऱ्या उतरून गेले.

त्यानंतर भाव पुन्हा उतरायला लागला. रोज सकाळी पडदा उघडायचा तो आदल्या दिवशीच्या खालीच. वामनराव रोज येऊ लागले. सौदा काहीच नसायचा. बाकाच्या आपल्या टोकावर बसायचे, भाव बघायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि जेवणाच्या वेळेला उठून जायचे. दिगंबररावही यायचे, आपल्या टोकावर बसायचे. मधल्या बाकावर कोणी बसत नसे. पुण्याच्या इंजिनिअरनं प्रोग्रामची नवी आवृत्ती पाठवली तेव्हा मी सगळ्यांची लिमिटं खाली आणली. कोणी इज्जतीचं नाव काढलं नाही.

आता शेठ नाहीत. पेढीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. माझा नातू पलंगावर लोळून फोनवर वायदे करतो. लिमिट भरलं की फोन त्याचा सौदा कापतो, त्याला एक मेसेज येतो आणि तो चादर ओढून कूस बदलतो. बरोबरच आहे ते. आमच्यासारखा गोंधळ होत नाही. मी त्याला एकदा म्हटलं, "तुझा सौदा कापताना कोणाला विचारलं का रे?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसे मी खडूनं फळ्यावर लिहिताना शेठ बघायचे. त्याला मी काय सांगू? न विचारता कापणारी मशीन चांगली, हे मीच तर एवढी वर्षं लोकांना सांगत आले. पण त्या बाकावर मी जे बघितलं ते कुठल्या मशीनच्या रकान्यात बसवायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

एकदाच बसवलं होतं. त्या नव्या आवृत्तीत नावापुढं एक जागा वाढली होती: ग्राहकाशी संपर्क झाला नाही तर कोणाला विचारायचं. मी एकेकाला बोलावून ती भरत होते. कोणी मुलाचं नाव सांगे, कोणी जावयाचं. वामनरावांची पाळी आली. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"तुमच्या मुलाचं टाकू?" मी विचारलं.

"तो काय हो म्हनन? तो त फोनच उचलत नाई." आवाज खाली गेला, पण एवढाही नाही की बाकाच्या टोकापर्यंत पोचणार नाही. "दिगूचं लिव्ह."

मी लिहिलं. पुढचं नाव दिगंबररावांचंच होतं. ते उठून माझ्यापर्यंत आलेच नाहीत. जागेवरूनच, समोरच्या भिंतीला सांगावं तसं बोलले, "माह्यापुढं कोनाचं लिवते, ताई? त्याचंच लिव्ह. मी काय रोज झाडाखालीच उभा राहीन का?"